कोऱ्या बाजूला माझं नाव लिहा

हे लिहायचं मी होळीपासून पुढं ढकलतोय. आधी म्हणलं होळी होऊ दे. मग पाडवा आला, पाडव्याला कुणी मरणाचं लिहितं का. मग शाईचा पेन नव्हता. वकिलाच्या टेबलावरचा माणूस म्हणाला होता बॉलपेन चालतो, पण मला वाटलं असलं काम शाईनं करावं. पेन आला तर उन्हानं जीव घाबरायला लागला. खरं कारण एवढंच की लिहिलं म्हणजे खरं होईल अशी भीती वाटत होती. आता मंगळवारी जयंती, बुधवारी दवाखान्यात भरती आणि गुरुवारी ऑपरेशन. आज रविवार. यापुढं ढकलायला दिवस उरला नाय.

तर मी, सत्यम फकिरा गाडेकर, वय सत्तावीस, शिक्षण बारावीला बसलो इतकं, धंदा आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, सध्या खाटेवर, मूळ राहणार बोरवाडी, तालुका फुलंब्री, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, हल्ली मुक्काम धाकटी बहीण सौ. तनुजा सम्यक साळवे हिच्या घरी, भावसिंगपुऱ्याकडच्या गल्लीत, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलीय ती हृदयाची झडप. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, आईनं निर्गुडीचा पाला बांधला, त्या तापाचं हे पुढं निघालं. आईची चूक नाय, डॉक्टरसुद्धा तसंच म्हणाले. कुणी मला धमकावलेलं नाय, दारू पाजलेली नाय. शेजारी सम्यकची आई सत्यभामामावशी बसलीय, ती फक्त म्हणतेय की मोठ्या अक्षरात लिही, तिला साक्षीदार म्हणून वाचायचंय.

कलम एक. मी ऑपरेशनमधून आलो नाय तर माझा देह इथून, तनुजाच्या दारातून उचलावा. तिनं मला पाणी पाजावं, मडकं तिनं धरावं, आणि गावात नेलं तर तिला सगळ्यांच्या पुढं चालू द्यावं. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, मला सरळ दवाखान्यातून बोरवाडीला नेऊ नये. तिथं नेलं तर तनुजाला वेशीच्या आत येऊ देणार नायत हे मला माहीत आहे, आणि मग ती मला न बघता राहील. बाकीची सगळी कलमं खोडली तरी चालतील, हे एक खोडू नये.

वकिलाच्या टेबलावरचा माणूस हे ऐकून हसला. म्हणाला, देहाची वाटणी यात येत नसते, ते नातेवाईक ठरवतात. मी म्हणलं, साहेब, नातेवाईक कोण तेच तर लिहायला बसलोय.

कलम दोन. बोरवाडीची वडिलोपार्जित जमीन, तिच्यात माझा जो काय हिस्सा निघेल तो तनुजाला. तिचा स्वतःचा हिस्सा आहेच, कायद्यानं आहे, पण आमच्याकडं लग्नाआधीच पोरीकडून हक्कसोडावर सही घ्यायची रीत. तिची घ्यायची राहिली, कारण ती सही करण्याआधी मेली. म्हणजे दादांनी तिला मेली असं जाहीर केलं. हे जरा सविस्तर लिहावं लागेल, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी भ्रमात आहे.

चार वर्षांपूर्वी तनुजानं सम्यकशी लग्न केलं. आम्ही मराठे, ते बौद्ध. फुलंब्रीच्या कॉलेजात दोघं एका वर्गात होते. मी तेव्हा सांडूमामूंच्या गाडीवर होतो, सिलिगुडीला, चहाच्या पेट्या भरायला उभा. सांडूमामू म्हणजे सांडू पठाण, राहणार खुलताबाद, माझे उस्ताद. त्यांनी मला गाडी शिकवली, आणि रिकाम्या पोटी गाडी चालवायची नाही, रागानं तर अजिबात नाही, हेही शिकवलं. तर तिथं माझ्या मोबाईलवर आकाशचा फोटो आला. आकाश आमच्या भावकीतला. फोटोत फाट्यावरचा फ्लेक्स होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली तनुजाचा दहावीतला फोटो, दोन वेण्यांचा. आकाशनं खाली नुसते हात जोडले होते.

मी घरी फोन लावला. आईनं उचलला, नुसती रडली आणि ठेवून दिला. आता कळतं की दादा समोर बसले होते. तनुजाचा नंबर बंद. मग कशाला शंका घेऊ.

सांडूमामूंनी मला रेल्वेत बसवलं. त्या जनरलच्या डब्यात मी जे बघितलं ते जरा लिहितो, विषय सोडून होईल, पण मृत्युपत्र माझं आहे.

देश म्हणजे काय यावर माझं शिक्षण रस्त्यावर झालं. आसामात मला उतरवून विचारलं, कागद दाखव, कुठून आलास. तमिळनाडूत म्हणले हिंदीवाला. मी म्हणलं, मराठी. ते म्हणले, तेच ते. पंजाबात मी भैया. गुजरातेत ढाब्यावर एकानं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गल्ली. त्याला काय हवं होतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पंधरा ऑगस्टला सिग्नलवर झेंडे घेतात आणि सोळाला ते गटारीकडंला पडलेले असतात. सांडूमामू गाडी थांबवून उचलायचे, डॅशबोर्डच्या खणात ठेवायचे. एकदा नाक्यावर तो खण उघडला आणि पोलिसानं विचारलं, इतके झेंडे कशाला बाळगतोस. मामूंचं नाव वाचून विचारलं होतं त्यानं. मामू म्हणाले, “साब, रस्ते पे पडे थे. आप ले लो, आप के पास जादा अच्छे दिखेंगे.” त्यानं घेतले नायत.

असा मी, देशाबद्दल मत वाईटच झालेलं. आणि त्या डब्यात मी रडत बसलो तर कटिहारच्या एका बाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. तिला मराठी नाय, मला तिची बोली नाय. तिनं पाण्यात सातूचं पीठ कालवून मला पाजलं. एक जवान सुट्टीवर चालला होता, तो रात्रभर दाराशी उभा राहिला आणि बसायची जागा मला दिली. कुणी आडनाव विचारलं नाय. बहीण गेली, एवढं पुरलं. भुसावळला गाडी लई वेळ थांबली तेव्हा मी स्टेशनाबाहेर जाऊन डोक्याचे केस काढले. धाकट्या बहिणीसाठी काढतात का नाय मला माहीत नव्हतं. न्हाव्यानं विचारलं कोण गेलं, आणि त्यानं पैसे घेतले नायत.

त्या सगळ्यांना मी काही देऊ शकत नाय. त्यांचा पत्ता नाय. ते लोक जिवंत बाईसाठी रडले. हे माझ्या मनातून जात नाय. देश मला एकदाच भेटला आणि तोही खोट्या बातमीवर.

गावात पोचलो तर रडणं नाय, मांडव नाय. दादा विहिरीवर मोटर चालू करत होते. माझं डोकं बघून ते आधी दचकले, मग म्हणाले, “बरं केलंस. तिचं नाव आजपासून या घरात घ्यायचं नाय.” तेवढ्यावर मला कळलं, ती मेलेली नाय. फाट्यावर गेलो, खांबावर चढून फ्लेक्स सोडवला. जवळून बघितला तेव्हा दिसलं, खाली शोकाकुल म्हणून नावं होती आणि त्यात माझंही नाव होतं. मला न विचारता मला रडवलं होतं. आणि वर आमच्या भागातले पुढारी नानासाहेब यांचा फोटो, हात जोडलेला, तनुजाच्या फोटोहून मोठा. फ्लेक्सचा खर्च त्यांनी केला होता. समाजाला वचक बसावा म्हणून.

मग आईनं हळूच सांगितलेल्या पत्त्यावर मी तसाच सम्यकचं घर विचारत या गल्लीत आलो. दार तनुजानं उघडलं. मी तिला जिवंत बघून हसलो असेन, मला आठवत नाय. तिनं माझं भादरलेलं डोकं बघितलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. म्हणाली, “भाऊ, दादा गेले का रं?”

मी नाय म्हणलं तरी तिला पटेना. तिला वाटलं मी समजूत घालतोय. कपाळ उंबऱ्याला टेकवून ती दादांसाठी रडत राहिली, आणि तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स माझ्या काखेत होता.

कलम तीन. वरची गोष्ट मी दादांना कधी सांगितली नाय. आधी राग होता, मग लाज, मग सवयच झाली. ती मी त्यांना मृत्युपत्रानं देतो. दुसरं त्यांना देण्यासारखं माझ्याकडं काही नाय.

दादांबद्दल इथं वाईटच लिहिलं जातंय, म्हणून थोडं लिहितो. दादांचं नाव फकिरा. आजीची लेकरं जगत नव्हती, तिनं खुलताबादच्या दर्ग्याला नवस बोलला आणि हे जगले, म्हणून फकिरा. लहानपणी आम्हाला उरुसाला खांद्यावर बसवून न्यायचे. आता नेत नायत. आता मोर्चात पुढं असतात, गळ्यात उपरणं. सांडूमामू घरी आले तर चहा देतात, पण कप आई वेगळा ठेवते. हे त्यांना आवडत नाय असं मला त्यांच्या तोंडावरून वाटायचं, पण बोलत नाहीत. गावात एकटं पडायची त्यांना लई भीती. तनुजाच्या वेळी भावकी वट्ट्यावर येऊन बसली होती, तेव्हा घरातली पोरगी गमवायची का गाव, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी पोरगी गमावली.

आरक्षणाच्या आंदोलनात मीही बसलो होतो, ते मी नाकारत नाय. शेती तुटून तुटून ओटीत मावेल एवढी झाली, आणि माझ्याबरोबरची पोरं वाळूजच्या गेटवर कंत्राटदारापुढं उभी राहतात. मागणं खोटं नाय. पण निजामाच्या काळातल्या नोंदीत आपण कुणबी आहोत हे काढायला दादा तहसीलला चपला झिजवत होते. तेव्हा एकदा मी म्हणलं होतं, जात कागदावर बदलायला तुम्ही एवढं पळता, आणि तनूनं ती न बघता नुसतं एक माणूस बघितलं तर ती मेली. ते म्हणाले, “तुला रस्त्यावर राहून बोलायला जातंय. आम्हाला गावात राहायचंय.”

सम्यकशी, म्हणजे दाजींशी, माझं रोज संध्याकाळी यावरून वाजतं. ते वाळूजहून कंपनीच्या बसनं येतात, हातपाय धुतात आणि विचारतात, “काय मेव्हणे, आज देश कुठवर आला?” मी म्हणतो, करोडीच्या टोलनाक्यावर अडकलाय. त्यांचं म्हणणं, संविधान वाचा, सगळं त्यात आहे. माझं म्हणणं, वाचलं, पण ढाब्यावरच्या त्या माणसानं वाचलं नव्हतं. मग आवाज चढतात. मावशी आतून म्हणते, “दोघंबी भांडा, पण आधी कोथिंबीर आणा अन् मग भांडा.” या भांडणांसारखं चांगलं औषध मला कोणत्या गोळीनं दिलं नाय.

जिल्ह्याचं नाव वर मी नवीन लिहिलंय. तोंडात जुनंही येतं. नावावरून दोन मित्रांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं मी पाहिलंय, दोघंही मला धरून आपापलं नाव वदवून घ्यायचे. सांडूमामू म्हणतात, “अपन को तो घाट चढना है. नाम कुछ भी रखो, गाडी पैले गियर में-च चढती.” मला यात जास्त कळत नाय. एवढं कळतं की गावाचं नाव बदलता येतं, आणि मेलेली म्हणलेल्या पोरीचं नाव पुन्हा घेता येत नाय, हे उलटं आहे.

कलम चार. आकाशबद्दल राग होता, तो सोडला. पण त्यानं माझ्या मरणावर हात जोडलेलं चित्र पाठवू नये. यायचं तर चालत यावं.

नानासाहेबांबद्दलचा राग सोडत नाय, तो जसाच्या तसा दाजींना देतो, ते तो नीट सांभाळतील. याचं कारण, यंदा थंडीत महापालिकेच्या निवडणुकीला नानासाहेब त्यांच्या भाच्याच्या प्रचाराला या गल्लीत आले. निळं उपरणं घालून. दारोदार हात जोडत तनुजाच्या दारात आले. तिला ताई म्हणाले, करुणाला, म्हणजे माझ्या भाचीला, कडेवर घेऊन फोटो काढला. जिचा एवढा मोठा फ्लेक्स लावला तिला ओळखलंच नाय. तनुजानं पाणी दिलं, ते प्यायले आणि पुढच्या दाराला गेले. मी आतून बघत होतो, मला उठता येत नव्हतं. तनुजा पेला विसळत म्हणाली, “मेलेल्याच्या हातचं पाणी पिऊन गेला बघ. आता भाचा कसा निवडून येतो.”

भाचा निवडून आला.

कलम पाच, माझ्या वस्तू. मोटरसायकल दाजींना, क्लच घासलाय. माझी चाक खोलायची टॉमी, दोर आणि ताडपत्रीची सुई सांडूमामूंना परत, त्यांचीच आहे. मोबाईल आईला, त्यात तनुजाचा आणि करुणाचा आवाज भरून ठेवलाय, कसा लावायचा ते आकाशनं शिकवावं, त्याला तेवढं प्रायश्चित्त पुरे. आई दर उन्हाळ्यात माझ्या हातून तनुजाला मिरच्या पाठवते, दादांना सांगते की सत्यमला ट्रकवर लागतात. ट्रकवर एवढ्या मिरच्या कोण खातं हे दादांनी कधी विचारलं नाय. आता मी नसलो तर त्या कुणाच्या हातून याव्यात, याची सोय मला सुचलेली नाय.

कलम सहा, फ्लेक्स. तो मी जाळणार होतो. तनुजानं जाळू दिला नाय. आधी तिनं तो पुरा पसरून नीट बघितला आणि म्हणाली, “फोटो तरी बरा निवडायचा. त्या दिवशी मला गोवर होता.” मग तिनं तो वाळवणाला घेतला. कापड दणकट आहे, मागची बाजू पांढरी, कोरी. दर उन्हाळ्यात ती गच्चीवर तो पालथा अंथरते आणि आईच्या मिरच्या त्यावर घालते. आत्ताही ती समोर बसून गेल्या साली उरलेल्या मिरच्यांची देठं खुडतेय, ठसका मला इथं गच्चीच्या सावलीतल्या खाटेवर येतोय. तिच्या श्रद्धांजलीवर तिचा संसार वाळतोय, असं मी एकदा म्हणलं तर ती उठून आत गेली. तेव्हापासून मी त्यावर विनोद करत नाय.

माझ्यासाठी वेगळा फ्लेक्स छापू नये. फारच हौस असली तर याच फ्लेक्सच्या कोऱ्या बाजूला माझं नाव लिहा, साध्या रंगानं. कुणा पुढाऱ्याचा फोटो नको. शोकाकुल म्हणून नावं टाकायची तर ज्याचं त्याला विचारून टाका. आणि त्यात तनुजाचं नाव पहिलं.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात संमतीच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही मागितली. तनुजानं केली. नातं: बहीण. तिथल्या टेबलावरच्या बाईनं कागद फिरवून विचारलं, वडील आहेत का. तनुजा म्हणाली, “आहेत. सुखरूप आहेत.” तिनं असं म्हणल्यावर माझ्या मनात आलं की गावात तिच्याबद्दल असं कुणी विचारत असेल का, आणि दादा काय सांगत असतील.

एवढंच माझं म्हणणं आहे. आणखी सुचलं असतं, पण दम लागतोय आणि मावशीला सही करायची घाई झालीय. ती साठाव्या वर्षी लिहायला-वाचायला शिकली, ती सही वाया जाऊ नये म्हणते. वरचं सगळं मी माझ्या हातानं, माझ्या मनानं लिहिलं. खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण: भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ एप्रिल २०२६

(सही) सत्यम फकिरा गाडेकर

साक्षीदार पहिला: (सही) सत्यभामा कडुबा साळवे

साक्षीदार दुसरा: सांडू पठाण, राहणार खुलताबाद. जागा सोडली आहे. चारच्या आत येतो म्हणाले आहेत.

सहीनंतरचं. आत्ता खालचं गेट वाजलं. मला वाटलं मामू आले, म्हणून मी पेन पुसून ठेवला. मावशी कठड्यावरून वाकून बघतेय. मामू नायत. धोतर-टोपीतला एक म्हातारा आहे, एकटाच, हातात पिशवी आहे, चपला गेटाबाहेरच काढल्यात. आईनं ऑपरेशनचं सांगितलं असणार. तनुजानं अजून मान वर केलेली नाय, ती देठंच खुडतेय.

खाली वच्छलाबाई नळावर आहे, तिनं त्यांना विचारलं कोण पाहिजे. मला वाटलं माझं नाव घेतील.

वच्छलाबाई वर तोंड करून मावशीला सांगतेय, “अगं, हे बोरवाडीचे फकिरा म्हणून हायत. तनुजाचं घर कोणतं, असं इचारतेत.”